गावातल्या जुन्या घरात मुक्काम करताय?

डागडुजी करून नव्याने सजवलेल्या जुन्या घराचे फोटो बघून, तुळया आणि कोनाड्यांना भुलून लगेच बुकिंग करू नका. आधी मालकाला जिन्याबद्दल विचारा. अशा घरांचे जिने बहुधा उभे आणि पायऱ्या अरुंद असतात. सोबत गुडघेदुखीवालं कुणी असेल तर झोपायची खोली आणि संडास दोन्ही तळमजल्यावरच आहेत ना, हे स्पष्ट विचारा. ‘होईल सोय’ हे उत्तर नव्हे.

दगडी भिंती दोन-दोन फूट जाड असू शकतात. त्या सावकाश तापतात, सावकाशच निवतात. म्हणून उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या. थंडीत मात्र पोचल्यावर हीटर लावला की तासाभरात ऊब येईल, ही आशा सोडा; आदल्या दिवशीच सुरू करून ठेवायला सांगा. याच भिंती वायफायही अडवतात. दोन नेटवर्क दिसली तर २.४ गिगाहर्ट्झचं निवडा, ते ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीपलीकडे बरं पोचतं.

चुन्याच्या गिलाव्याला चिकटपट्टी लावू नका, पोपडा निघतो. आतली शेकोटी पेटवण्याआधी धुरांड्याची झडप उघडी आहे का बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पेटवूच नका.

आणि चौकटी बुटक्या! मी उशाशी टॉर्च घेऊन झोपतो, तरी पहिल्या रात्री कपाळावर एक टेंगूळ येतंच.