लिंबाचं तेल वापरताय? या चुका टाळा

आधी बाटली वाचा. ‘लेमन’ लिहिलंय आणि पिवळंधमक लिंबू छापलंय, एवढ्या भांडवलावर लोक ते केकमध्ये घालायला निघतात. खोलीच्या सुगंधासाठी विकलं जाणारं ‘अरोमा ऑइल’ बहुतेकदा कृत्रिम असतं, ते पोटात जाता कामा नये. खायचं असेल तर ‘फूड ग्रेड’ आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, क्रमांक हवाच. लेमनग्रासचं, म्हणजे गवती चहाचं तेल निराळं. दुकानदार ‘एकच असतं हो’ म्हणाला, तर दुकान बदला.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: पाण्यात तेल. आमच्या सोसायटीत चैत्रातल्या हळदीकुंकवाला एका उत्साही सूनबाईंना लिंबं पिळायचा कंटाळा आला. पातेलंभर पाणी, साखर, मीठ आणि वरून चमचाभर तेल. वास असा सुटला की जिन्यातूनच कौतुक सुरू! ओगराळं वरवर बुडवून पहिले पेले भरले, त्यात सगळा तवंग गेला. शेजारच्या काकूंनी घोट घेतला आणि ओठांपासून घशापर्यंत चुरचुर. शेवटी आलेल्यांना नुसतं साखरपाणी. आंबटपणा कुणालाच नाही, कारण तो रसातल्या सायट्रिक आम्लाचा. हे तेल सालीचं, त्यात आंबट काही नसतंच. ‘नीट ढवळलं नसेल’ म्हणून सूनबाई पुन्हा ढवळत बसल्या. कितीही ढवळा, तेल वर येणारच.

सरबताला लिंबंच पिळा, हात झिजत नाहीत. तेल शोभतं लोणी-तूप-चक्क्यात. अर्धा किलो चक्क्याला मी एकच थेंब घेते, तोही आधी चार चमचे पिठीसाखरेत चमच्याच्या पाठीनं घोटून. बाटली थेट पातेल्यावर धरायची नाही, थेंब आधी चमच्यात. जास्त पडला तर चमचा धुता येतो, श्रीखंड धुता येत नाही.

उकळत्या पाकात घालू नका. वास स्वयंपाकघरभर फिरतो, वडीत राहत नाही.

घरात सुगंधासाठी वापरणाऱ्यांची घाई वेगळी. या तेलात सर्वांत जास्त असतं लिमोनीन, आणि ते थर्माकोल चक्क विरघळवतं. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, त्याआधी एका भाच्यानं गणपतीच्या मखराला कापसानं हे तेल पुसलं. आरतीपर्यंत खांबांना देवीचे व्रण! तेव्हा प्लॅस्टिकच्या डब्यात ओतून ठेवू नका, गडद काचेची बाटलीच बरी.

समईत, पणतीत तर मुळीच नको. साधारण ५० अंश सेल्सिअसला त्याची वाफ पेट घेऊ शकते. मांजर असेल तर डिफ्युझर, म्हणजे सुगंध हवेत सोडणारं यंत्र, विसरा; मांजरांना हे तेल बाधतं. सालीतून दाबून काढलेलं तेल अंगाला लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते, डाग राहतात.

आणि ती तीन वर्षांपूर्वीची, टोपण सैल झालेली बाटली. हवा-उजेडानं तेल खराब होतं, टर्पेंटाइनसारखा वास येतो, त्वचेवर पुरळही उठू शकतं. मी उघडल्याची तारीख लिहून बाटली फ्रिजच्या दारात ठेवते. वास बदलला की ती खाण्यातून बाद. मग हातमोजे घालून तेच तेल काचेच्या बरण्यांवरचा लेबलांचा चिकट डिंक काढायला. त्याला तोड नाही.