रेसच्या रिटायर्ड घोड्यांना भेटायला केंटकीला जाताय? मग या चुका टाळा

मागच्या जुलैत सासूबाई कुंपणापाशी गेल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि एकदम डोळ्यात पाणीच आलं त्यांच्या. "अगं, याच्या डोळ्यांवर कापड का बांधलंय? आंधळा झालाय का गं बिचारा?" म्हातारा घोडा, पाठ खोलगट झालेली, बरगड्यांचा अंदाज येतोय, आणि डोळ्यांवर जाळीचा मास्क. त्यांना वाटलं एवढं नाव कमावलेल्या घोड्याचे इथे हाल चाललेत. तसं काहीच नव्हतं, पण त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहितेय.

आम्ही सिनसिनाटीजवळ राहतो, तिथून लेक्सिंग्टनचं केंटकी हॉर्स पार्क साधारण दीड तास, त्यामुळे इंडियातून कुणी आलं की आम्ही नेतोच. हे पार्क १९७८ ला सुरू झालं, बाराशे एकरांच्या आसपास जागा आहे, आणि त्यात 'हॉल ऑफ चॅम्पियन्स' नावाचा एक तबेला आहे जिथे रेस जिंकून रिटायर झालेले घोडे राहतात आणि लोकांना भेटतात. तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर जॉर्जटाउनला 'ओल्ड फ्रेंड्स' नावाचं फार्म आहे, ते पूर्णपणे रिटायर्ड घोड्यांसाठीच आहे. आपल्याकडचे बरेच जण या दोन जागांची गल्लत करतात, मग एका ठिकाणी दुसऱ्या ठिकाणचा घोडा शोधत बसतात. तर हेच पहिलं.

कुठला घोडा कुठे आहे (आणि आहे का) हे न बघता निघणं

सगळ्यात जास्त हिरमोड यातच होतो. कुणाच्या तरी जुन्या पोस्टमध्ये फोटो बघून लोक येतात आणि तो घोडा गेलेला असतो. हॉल ऑफ चॅम्पियन्समधला गो फॉर जिन, १९९४ ची केंटकी डर्बी (अमेरिकेतली सगळ्यात प्रसिद्ध घोड्यांची रेस) जिंकलेला, मार्च २०२२ मध्ये ३१ व्या वर्षी गेला. २००३ ची डर्बी जिंकलेला फनी साइड जुलै २०२३ ला गेला आणि पॉइंट गिव्हन त्याच वर्षी सप्टेंबरला. हे सगळे आपले आजोबाच आहेत हो, पंचविशी-तिशीतला घोडा म्हणजे खूपच म्हातारा, तर निघायच्या आठवड्यात वेबसाइटवर बघा किंवा सरळ फोन करा, आणि लहान मुलांना एकाच घोड्याचं नाव सांगून आशा लावून ठेवू नका.

दुसरं म्हणजे सेक्रेटॅरिएट, अमेरिकेतला सगळ्यात गाजलेल्या रेसच्या घोड्यांपैकी एक. तो इथे नाही. पार्कात त्याचा पुतळा आहे, पण त्याला पुरलंय केंटकीतल्याच पॅरिस गावातल्या क्लेबोर्न फार्मवर, त्याची टूर वेगळी आणि बुकिंगही वेगळं.

आणि अजून एक, लोक विचारतात की सगळे मोठमोठे चॅम्पियन इथेच का नसतात. कारण जिंकलेला चांगला नर घोडा रिटायर झाला की पैदाशीला जातो, तिथे त्याची खरी कमाई सुरू होते. खच्ची केलेल्या घोड्याला, म्हणजे गेल्डिंगला, तो रस्ताच नसतो, त्यामुळे हॉल ऑफ चॅम्पियन्समध्ये तेच जास्त दिसलेत. फनी साइड गेल्डिंग, जॉन हेन्री गेल्डिंग. सिगार मात्र वेगळा, लागोपाठ १६ रेस जिंकला, १९९६ चा पहिला दुबई वर्ल्ड कप जिंकला, पैदाशीला पाठवला तर एकही घोडी गाभण राहिली नाही, मग १९९९ ला पार्कात आला आणि २०१४ ला जाईपर्यंत लोकांना भेटत राहिला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यामुळेच माझ्यासारख्या साध्या माणसांनाही तो जवळून बघता आला.

एक तास हरवणं

शिकागो, नॅशव्हिल किंवा सेंट लुईसहून येणाऱ्यांनो, लेक्सिंग्टनला ईस्टर्न टाइम आहे! तुमच्याकडे दहा वाजले की इथे अकरा. आमचे नॅशव्हिलचे मित्र सकाळी लवकर उठून, पोरांना गाडीत झोपलेलंच टाकून निघाले आणि तरी घोडे बाहेर आणून दाखवतात तो कार्यक्रम चुकला. तो ठरलेल्या वेळीच असतो, मोतद्दार एकेका घोड्याला हातात धरून आणतो, त्याच्या रेसचा व्हिडिओ लावतात, आणि मग जवळून बघता येतं. पोचल्या पोचल्या त्या दिवसाच्या वेळा विचारून घ्या, म्युझियम नंतर बघा.

एप्रिलच्या शेवटी पार्कात थ्री-डे इव्हेंट नावाची घोडेस्वारीची मोठी स्पर्धा असते, तेव्हा नुसतं घोडे भेटायला येऊ नका, गर्दी आणि पार्किंगमध्येच दिवस जातो. हिवाळ्यात बरंच काही बंद असतं. पार्कासाठी हायवे ७५ चा एक्झिट १२० लक्षात ठेवा. आणि ओल्ड फ्रेंड्सला टूरचं बुकिंग आधी केल्याशिवाय जाऊ नका.

माथेरानची सवय घेऊन येणं

आपल्याकडे घोडा म्हटलं की बसायचं, फेरी मारायची, फोटो काढायचा. इथे मुलं पहिलं तेच विचारतात, बसायला कधी मिळणार? चॅम्पियन घोड्यांवर कुणीही बसत नाही, ते रिटायर झालेत, त्यांची कामं संपली. पार्कात सीझनला ट्रेल राइड असते पण ते घोडे वेगळे असतात. हे घरूनच मुलांना सांगून आणलं तर तबेल्यासमोर रडारड होत नाही.

पिशवीत गूळ आणि साखर घेऊन जाणं

इथे जरा थांबून लिहिते कारण हे प्रेमापोटीच होतं आणि यानेच त्यांना त्रास होऊ शकतो. आमच्या अप्पांनी (माझे सासरे) रुमालात गुळाचा खडा बांधून आणला होता. नोकरीत असताना ते मित्राबरोबर रविवारी महालक्ष्मीला रेस बघायला जायचे, पैसे फारसे लावायचे नाहीत, घोडे बघायलाच जायचे, आणि घोड्याला गूळ आवडतो हे त्यांना पक्कं माहीत. आवडतोच. पण म्हाताऱ्या घोड्यांमध्ये हॉर्मोनचा एक आजार बऱ्याचदा असतो, त्यात साखर वाढली की खुराच्या आतला भाग सुजतो आणि घोड्याला उभं राहणं मुश्कील होतं. आपल्याकडे डायबेटिस असलेल्या आजोबांना कुणी परस्पर पेढा देईल का, तसंच हे.

शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वर येण्याचा मार्गच नाही, म्हणून पोटदुखी हा त्यांच्यात जीवघेणा प्रकार असतो. गाजराच्या गोल जाड चकत्यासुद्धा घशात अडकतात. म्हाताऱ्यांचे दात झिजलेले असतात म्हणून काहींची चंदी भिजवून मऊ करून देतात. तर स्वतःहून काहीही द्यायचं नाही, सफरचंद नाही, बिस्किट नाही, कुंपणाबाहेरचं गवत उपटूनही नाही. ओल्ड फ्रेंड्सच्या टूरवर गाइड स्वतः गाजरं देतो आणि कुठल्या घोड्याला द्यायचं ते सांगतो, तेव्हा तळहात सपाट ठेवायचा, अंगठा बोटांना चिकटवून. दिलं नसेल आणि घोडा मान लांब करून मागत असेल तरी नाही. अप्पांना मी हे गाडीतच सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले, "बरं, मग नुसतं बोलेन त्याच्याशी."

समोरून जाऊन कपाळावर हात ठेवणं

घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि शेपटीच्या मागे दिसत नाही. आपण प्रेमाने थेट तोंडासमोर हात नेतो, त्याला तो हात अचानक उगवल्यासारखा वाटतो आणि मान झटकतो, मग आपण म्हणतो चिडका आहे. आधी विचारा हात लावलेला चालेल का. चालत असेल तर बाजूने, खांद्याकडून, बोलत बोलत जा आणि मानेच्या बुडाशी खाजवा, घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात.

कानांकडे बघत राहा. टवकारलेले कान म्हणजे लक्ष आहे, मागे चिकटवले की दोन पावलं मागे या, वाद नाही. आणि चॅम्पियन आहे म्हणजे गरीब स्वभावाचा असेल असं धरू नका! जॉन हेन्रीला पिल्लू असताना फक्त ११०० डॉलरला विकलं होतं, पुढे ८३ रेसपैकी ३९ जिंकला, १९८१ आणि १९८४ ला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला, आणि रागीट म्हणूनही तितकाच प्रसिद्ध होता, चंदीच्या पत्र्याच्या बादल्या आपटून वाकवायचा. ओल्ड फ्रेंड्सला तर खच्ची न केलेले नर घोडेही असतात, तिथे गाइड म्हणेल तेवढंच. ओढणी, मोकळे केस, लटकणारी कानातली, सगळं आवरून. छत्री जवळ फटकन उघडायची नाही, वेफर्सचं पाकीट कुंपणाशी फोडायचं नाही.

जे दिसतंय ते बघून घाबरणं

आता सासूबाईंकडे येते. तो मास्क माशांसाठी असतो, जाळीतून घोड्याला आरपार दिसतं. उन्हाळ्यात माश्या डोळ्यांच्या कडेला बसतात म्हणून घालतात. पाठ खोलगट होणं हे वयाने होतं, उपासमारीने नाही. मागचा एक पाय दुमडून खुराच्या टोकावर टेकवून उभा असेल तर लंगडा नाहीये, आराम करतोय, थोड्या वेळाने पाय बदलेल. आडवा पसरला असेल तर ओरडत स्टाफकडे धावू नका, घोडे उभ्याने डुलकी काढतात पण गाढ झोपेसाठी आडवं व्हावं लागतं, आणि तुमच्यासमोर तो आडवा झाला म्हणजे त्याला तिथे सुरक्षित वाटतंय. खरंच लोळण घेत असेल, पुन्हा पुन्हा पोटाकडे वळून बघत असेल, घाम फुटला असेल तर मात्र लगेच सांगा.

रंगावरूनही लोक फसतात. सिल्व्हर चार्म १९९७ ला डर्बी जिंकला तेव्हाच्या फोटोत राखाडी आहे, म्हातारपणी पांढराशुभ्र. आमच्या ग्रुपमधल्या एकाने तर गाइडला दोनदा विचारलं की हा नक्की तोच ना. करडे घोडे वयाबरोबर पांढरे होतातच. सिल्व्हर चार्म जपानला पैदाशीला गेला होता, २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्याला ओल्ड फ्रेंड्सला परत आणलं. हे परत आणणं किती मोठं आहे ते कळायला फर्डिनंडचं माहीत हवं. १९८६ ची डर्बी जिंकलेला हा घोडा जपानला गेला आणि २००२ ला कत्तलखान्यात संपला. बातमी पुढच्या वर्षी बाहेर आली, लोक हादरले. त्याच २००३ मध्ये मायकेल ब्लोवेन या माजी सिनेमा समीक्षकाने ओल्ड फ्रेंड्स सुरू केलं. हे मुलांना कितपत सांगायचं ते तुम्ही ठरवा, आमच्या दहा वर्षांच्या मुलीला मी सांगितलं.

गेटजवळच्या समाध्या न बघता आत पळणं

पार्कात शिरतानाच मॅन ओ' वॉर या जुन्या नामांकित रेसच्या घोड्याचा ब्राँझचा पुतळा आणि समाधी आहे. २१ रेस, २० विजय. त्याच्याच जवळ आयझॅक मर्फी या कृष्णवर्णीय जॉकीची कबर आहे, ज्याने १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा डर्बी जिंकली. लोक सेल्फी काढून पुढे जातात. पाच मिनिटं द्या.

घोडा आला नाही म्हणून वैतागणं

कधी कधी घोडा पाठ फिरवून उभा राहतो, पार लांब, कोपऱ्यात. शिट्ट्या मारू नका, टाळ्या वाजवू नका, कुंपण हलवू नका. गाइडची परवानगी असेल तर गप्प उभे राहा. अप्पा त्या दिवशी तसेच उभे राहिले, हात मागे बांधून, मराठीतच काहीतरी पुटपुटत, बहुतेक महालक्ष्मीच्या कुठल्या तरी जुन्या रेसबद्दल. दहा-बारा मिनिटांनी तो म्हातारा चरत चरत कुंपणापर्यंत आला आणि त्यांच्या रिकाम्या रुमालाचा वास घेऊन तिथेच उभा राहिला. मग गाइडने चला म्हटलं, कारण त्याची चंदीची वेळ झाली होती.