ट्रायथलॉनचा सराव आणि घरचा दिनक्रम
ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे एकामागोमाग करण्याची शर्यत. तिच्यातल्या कोणत्या अंतराच्या शर्यतीत उतरायचे, हे नाव नोंदवण्यापूर्वी घरातल्यांशी बोलूनच ठरवावे, कारण ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे या स्प्रिंट शर्यतीची तयारी नोकरी सांभाळून होऊ शकते, तर त्याच क्रमाने ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटरची पूर्ण अंतराची शर्यत कित्येक महिन्यांचे शनिवार-रविवार गिळून टाकते. मुले तान्ही असताना या दुसरीचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळापत्रक आखताना आधी शाळेच्या पालकसभा, वाढदिवस आणि जोडीदाराची कामे लिहावीत. सराव उरलेल्या जागेत बसवावा. सर्वाधिक वेळ सायकल खाते, म्हणून कामाच्या दिवशी ती घरीच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या स्टँडवर, लावून तासभर जोमाने चालवावी आणि लांबचा पल्ला सुटीच्या पहाटे, घर जागे होण्याआधीच सुरू करावा. सायकलवरून उतरल्याबरोबर १५-२० मिनिटे धावल्यास पायांना त्या बदलाची सवय होते व दोन सराव एकाच वेळेत उरकतात. चुकलेला सराव दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये, तो सोडून द्यावा. जोडीदारालाही दर आठवड्याला तेवढाच मोकळा वेळ, त्याने न मागता, राखून ठेवावा.