पुटकुळ्या आणि उपाशीपोटीचा रिपोर्ट

वेंगुर्ल्यात मी लॅबमध्ये रक्त काढते. चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेल्या मुलीला घेऊन येणाऱ्या आया हमखास सांगतात, "आंगात उष्णता हा, बांगडो बंद केलंय." बांगडा माशाला उगाच दोष! चेहऱ्यासोबत मानही बघा. मागे घासूनही न निघणारा, मखमलीसारखा काळसर पट्टा असेल, पाळी पुढेमागे होत असेल, मोठ्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर क्रीम बदलत बसण्याआधी डॉक्टरांकडून उपाशीपोटीची साखर, इन्सुलिन आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) लिहून घ्या.

शरीर साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. त्यामुळे अंडाशयात अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढतं, आणि त्याला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन घटतं. मोकळं सुटलेलं अँड्रोजन त्वचेतल्या तेलग्रंथींना चेव आणतं. तिकडे यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी ओततं, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. अर्थात प्रत्येक पुटकुळीमागे हेच असतं असं नाही.

रात्री नऊला जेवण आटपा, सकाळी आठला या. मध्ये फक्त पाणी. "अर्धाच कप चहा घेतला" हे सुई टोचल्यावर सांगू नका. सेंट्रिफ्यूजमध्ये रक्त गरगर फिरवून वेगळं काढलेलं सीरम, म्हणजे वरचं पाणी, एरवी फिकट पिवळं असतं. ट्रायग्लिसराइड फारच चढलेलं असलं की दुधाळ दिसतं.

रिपोर्ट हातात आला की साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही, ते या आकड्यावरून कळतं. साखर ९२, इन्सुलिन १८, तर उत्तर ४.१. साखर नॉर्मल, तरी गडबड! मोठ्या माणसांत साधारण २.५ च्या वर गेलं की संशय घ्यायचा. वयात येताना इन्सुलिन थोडं चढतंच, म्हणून मुलींचा आकडा डॉक्टरांनाच दाखवा. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, बायकांचं एचडीएल ५० च्या वर हवं.

भात सोडायला मी सांगत नाही, निम्मा करा. आधी मासे किंवा चवळीची उसळ, मग भात. साखरेच्या कोकम सरबताऐवजी आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस), पाणी, मीठ, जिरं. गोड खाजा जत्रेपुरता. जेवल्यावर बंदरापर्यंत चालून या. ऑस्ट्रेलियातल्या २००७ च्या एका प्रयोगात साखर हळू चढवणाऱ्या आहारावर तरुणांच्या पुटकुळ्या कमी झाल्या, पण १२ आठवड्यांनी. तेव्हा आठवड्यात आरसा बघून रडू नका.

डॉक्टरांनी पुटकुळ्यांवरची आयसोट्रेटिनॉइन गोळी सुरू करायचं ठरवलं, तर लिपिड आधी तपासा. ती गोळी ट्रायग्लिसराइड आणखी चढवते. आणि गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. आईसमोर मुली हे विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते.