कंबर दुखायची थांबत नाही? मग भीती, झोप आणि घरची माणसं, इकडेही बघा

मोजे घालायला वाकताना मी श्वास रोखून धरायचे, दात आवळायचे आणि एक हात पलंगाच्या कडेला घट्ट. कळ यायच्या आधीच हे सगळं होऊन जायचं. चार वर्षं कंबर दुखत होती आणि त्यातली तीन वर्षं मी फक्त मणका, मणक्यांमधली गादी, नस याच्याच मागे होते, या श्वास रोखण्याकडे माझं लक्षच गेलं नाही. खरा फरक पडायला लागला तो तिथून. म्हणून ज्यांची कंबर तीन महिन्यांच्या वर दुखतेय आणि तपासण्या, गोळ्या, शेक, मलम सगळं करून झालंय त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट आधीच. दुखणं खरं असतं. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे मी स्वतः ऐकलंय आणि ते किती लागतं ते मला माहितीये. पण दुखणं किती जाणवायचं हे मज्जारज्जू आणि मेंदू मिळून ठरवतात, १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मज्जारज्जूतल्या 'दरवाजा'ची कल्पना मांडली ती हीच, की खालून येणारा संदेश वरून येणाऱ्या आदेशाने अडवला जातो किंवा मोकळा सोडला जातो. भीती, जागरण, ताण, एकटेपणा हे सगळं त्या दरवाजाशी उभं असतं. त्यामुळे मनावर काम करणं म्हणजे दुखणं खोटं मानणं नाही.

१. आधी धोक्याची लक्षणं नाहीत ना बघा

लघवी अडकतेय किंवा लघवी-संडासवर ताबा राहत नाहीये, बसताना जो भाग टेकतो तो आणि मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय, पायातली ताकद कमी होत चाललीये, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच इमर्जन्सीत जा. ताप, उगाच उतरणारं वजन, आधी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हे असेल तर लवकर डॉक्टरांना दाखवा. हे सगळं तपासून झालं की मगच पुढचं.

२. एमआरआयचा रिपोर्ट परत एकदा, शांतपणे वाचा

माझ्या रिपोर्टमध्ये 'झीज' आणि 'गादी फुगलीय' असं होतं आणि त्या दोन शब्दांनी मला खुर्चीला खिळवलं. नंतर कळलं की २०१५ मध्ये ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र करून पाहिले होते, तर विशीतल्याच ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांत. म्हणजे केस पिकतात तसंच हे बरंचसं. आणि कंबरदुखीच्या दहापैकी साधारण नऊ जणांत बोट दाखवावं असं एक ठराविक कारण सापडतच नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "मी वाकले, चालले तर काही बिघडेल का?" उत्तर 'नाही' आलं तर ते लिहून ठेवा, पुढे खूप वेळा लागणारे.

३. बंद केलेल्या गोष्टींची यादी करा

मला वाटतं यातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हेच, म्हणून जरा सविस्तर. एका वहीत लिहा, कंबरेमुळे काय काय सोडलं. जमिनीवरची वस्तू उचलणं, मुलाला कडेवर घेणं, लांबचा प्रवास, मैत्रिणींकडे जाणं, एका कुशीवर झोपणं, काहीही. माझी यादी सतरा ओळींची झाली आणि ती बघून मला रडू आलं, कारण त्यातल्या निम्म्या गोष्टी कुणी बंद करायला सांगितल्याच नव्हत्या, मीच धसक्याने सोडल्या होत्या. होतं असं की दुखलं म्हणून घाबरतो, घाबरून हालचाल टाळतो, टाळल्याने अंग आखडतं आणि मन सारखं कंबरेकडेच लागून राहतं, मग थोडं हललं तरी जास्त दुखतं, की परत भीती. हे चक्र कुठेतरी तोडायला लागतं.

आता प्रत्येक ओळीपुढे भीतीला शून्य ते दहा मार्क द्या आणि तीन-चार मार्कांची गोष्ट आधी घ्या, नऊ-दहाची नाही. मी मोजे घेतले. खुर्चीवर बसायचं, वाकायच्या आधी वहीत लिहायचं "मला काय होईल असं वाटतंय", मी लिहिलं होतं "सणक येईल आणि दिवसभर उठता येणार नाही". मग श्वास सोडत सोडत सावकाश खाली जायचं, दात आवळायचे नाहीत, कडेला धरायचं नाही, तीन वेळा. मग खरंच काय झालं ते शेजारी लिहायचं. पहिल्या दिवशी ओढ बसली, संध्याकाळपर्यंत जरा जास्त दुखलं, पण दिवसभर उठता येत होतं की. आठवड्याभरात त्या वहीतले दोन रकाने एकमेकांशी जुळेनासे झाले आणि कुठल्याही समजावण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.

४. घड्याळावर चाला, दुखण्यावर नाही

बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस आडवं, हे आपल्यातले बहुतेक जण करतात. त्याऐवजी तीन-चार दिवस मोजा की किती मिनिटं चालल्यावर दुखणं वाढतं, सरासरी काढा आणि त्याच्या थोडं खालून सुरुवात करा. सरासरी बारा मिनिटं आली तर नऊ-दहा मिनिटं. मग चांगला दिवस असो की वाईट, तेवढंच, आणि दर आठवड्याला एखाद-दोन मिनिटं वाढवा. चांगल्या दिवशी थांबणं फार जड जातं, पण थांबा. बसण्याचं, उभं राहण्याचंही असंच.

५. झोप आणि मन

झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त टोचतं. उठायची वेळ पक्की ठेवा, रात्र कशीही गेली तरी. आणि दोन आठवड्यांच्या वर कशातच रस वाटत नसेल, सारखं रडू येत असेल, "आता हे असंच राहणार" हेच डोक्यात फिरत असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, कंबरेच्या उपचाराचाच तो भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या त्यात व्यायाम, दुखण्याबद्दलची नीट माहिती आणि विचार-वर्तन बदलणारी थेरपी हे सगळं आहे, आणि कंबरेचे बेल्ट, ट्रॅक्शन (म्हणजे कंबरेला ताण देऊन ओढणं) नेहमीसाठी वापरू नका असं म्हटलंय. मी दीड वर्ष बेल्ट सोडला नव्हता हे आता आठवतं. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, आत्ताच कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

६. घरच्यांशी एकदा बसून बोला

घरात दोन प्रकार होतात. एक, कुणाचा विश्वास बसत नाही कारण वरून काही दिसत नाही. दुसरा प्रकार प्रेमाचा आहे आणि तो ओळखू येत नाही. माझा नवरा मी नुसती वाकले तरी धावत यायचा, "अगं राहू दे, मी उचलतो." दिवसातून पाच-सहा वेळा "आता कसं दुखतंय?" त्याच्या काळजीने मला बरं वाटायचं आणि प्रत्येक वेळी माझी कंबर मोडकी आहे हे परत पक्कंही व्हायचं. शेवटी त्याला म्हटलं, "मी मागितली तरच मदत कर, आणि दुखतंय का हे विचारू नकोस, आज काय केलंस ते विचार." पहिले काही दिवस तो अक्षरशः हात मागे बांधून उभा राहायचा बिचारा. पण त्या प्रश्नाने आमच्या संध्याकाळच्या गप्पा बदलल्या. ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांना तपासणीच्या वेळी डॉक्टरांसमोर सोबत न्या, बाहेरून ऐकलं की जास्त पटतं.

७. नोकरी

विमानं बनवणाऱ्या बोईंग कंपनीच्या तीन हजारांवर कामगारांचा अभ्यास १९९१ मध्ये आला होता, ज्यांना आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नव्हतं त्यांनी कंबरेच्या दुखापतीची तक्रार करण्याचं प्रमाण काम आवडणाऱ्यांपेक्षा अडीच पट होतं. याचा अर्थ ते खोटं बोलत होते असा नाही. कामाच्या जागेचा त्रास अंगात उतरतो. आणि सुट्टी जितकी लांबते तितकं परत जाणं अवघड होतं, त्यामुळे दुखणं शून्यावर यायची वाट बघू नका. साहेबांना "मला बरं नाही" एवढंच सांगण्यापेक्षा नेमकं मागा, दोन आठवडे अर्धा दिवस, दर अर्ध्या तासाला उठायची मुभा, जड उचलण्याचं काम तात्पुरतं दुसऱ्याकडे. नेमकं मागितलं की 'हो' म्हणणं त्यांनाही सोपं जातं.

८. उसळीच्या दिवसांसाठी कागद तयार ठेवा

दुखणं मधेच परत उसळणार, हे धरूनच चाला. त्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून बऱ्या दिवशीच लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. माझ्या कागदावर आहे ते असं: डॉक्टर म्हणाले होते वाकल्याने काही बिघडत नाही. आधीच्या उसळ्या चार-पाच दिवसांत उतरल्या. चालणं निम्म्यावर आणायचं, बंद नाही करायचं. आणि चौथ्या ओळीत बहिणीचा नंबर. तिला फोन करून दहा मिनिटं कंबरेबद्दल मनसोक्त बोलायचं, ती मधे बोलत नाही, आणि दहा मिनिटं झाली की तीच विषय बदलते, असं आमचं ठरलंय.