दहावीच्या सुट्टीत आंबे विकणार असाल तर

दहावीचा शेवटचा पेपर झाला की निकालापर्यंत दोन महिने मोकळे. मला त्या दोन महिन्यांत स्वतःचे पैसे कमवायचे होते. मामाची रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ हापूसची कलमं आहेत आणि आम्ही पुण्यात, त्यामुळे काय करायचं याचा फार विचार करावा लागला नाही. मामा रात्रीच्या टेम्पोत पेट्या चढवायचा, बाबा आणि मी पहाटे त्या उतरवून घ्यायचो आणि दिवसभर मी फोनवर ऑर्डरी घेऊन सोसायटीत, आसपासच्या गल्ल्यांत पोचवायचे. यंदाचा माझा तिसरा हंगाम. ओळखीतली दोन-तीन मुलं यंदा हेच करणार आहेत, त्यांनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

आधी आंब्याचं. पेटी आली की प्रत्येक फळ हातात घ्यायचंच. चिकाचे काळे ओघळ असलेलं, मऊ डाग पडलेलं फळ बाजूला. बाकीची पेंढ्यात अंतर ठेवून मांडायची आणि रोज सकाळी हात फिरवून तयार झालेली वेगळी काढायची. अंगठ्याने दाबून बघू नका, गिऱ्हाइकालाही दाबू देऊ नका; दाबलेली जागा दुसऱ्या दिवशी काळी पडते. देठाजवळ वास घ्या, तेवढं पुरतं. आणि कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा. लोकांना माहीत असतं असं आपल्याला वाटतं, पण नसतं.

साका मात्र बाहेरून कळत नाही. फळ सोनेरी, वास घमघमीत, आणि कापलं की कोयीलगत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर. पहिल्या वर्षी एका आजींनी तशी फोड बशीत घालून माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मला रडूच आलं. साका हापूसला होतोच. उतरवलेलं फळ तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं तर त्यात भर पडते, म्हणून मामा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढलेला आंबा लगेच सावलीत नेतो. तरीही एखादा निघतो. विकतानाच सांगून टाका, ‘साका निघाला तर फोटो पाठवा, बदली फळ देईन.’ आणि खरंच द्या. त्या आजी आजही दर वर्षी दोन पेट्या घेतात.

आमच्या भागात हंगामी धंदे करणारा एक दादा आहे. त्याने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, ‘वरचा थर रत्नागिरीचा लाव, खाली कर्नाटकचा. कोण बघतंय?’ मला अजून राग येतो. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळाला. कर्नाटकचा आंबा विकायचा तर त्याच्या नावाने विका, तोही चांगला असतो. आंबा झटपट पिकवायच्या कार्बाइडच्या पुडीचं तर नावही काढू नका. त्यावर बंदी आहे आणि आंबा वरून पिवळा, आत आंबट निघतो. असा झटपट मार्ग सांगणाऱ्यापेक्षा, रोज चार वेळा ‘पेंढा बदललास का’ विचारून डोकं उठवणारा मामा परवडला.

घरात कुत्रं असेल तर कोयी लगेच बंद डब्यात टाका. कुत्र्याने कोय गिळली तर ती आतड्यात अडकते आणि ऑपरेशनची वेळ येऊ शकते. आमचा बंड्या पहिल्या हंगामात तीन महिन्यांचा होता, गल्लीतून उचलून आणलेला, दिसेल ते चावणारा. त्याला फिरवायचं ते उन्हं चढायच्या आत, डांबर तापायच्या आधी, म्हणजे नेमकं पेट्या उतरवायच्या वेळी. दोन्ही जमवताना माझी तारांबळ व्हायची.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते, त्याच पहिल्या हंगामातलं. माझ्याकडे आईचा जुना फोन होता, त्यात आईचं सिम आणि आईचं बँक खातं. फोनची जागा भरलेली, बँकेचं ॲप उघडायला पाच-पाच मिनिटं लागायची. एका दुपारी बंड्याने चार्जरची वायर कुरतडून तोडली होती आणि फोन आठ टक्क्यांवर आला होता. तेवढ्यात एका माणसाचा फोन आला. बोलणं अगदी गोड, एक पेटी हवी, किंमत ३,००० रुपये. ‘ताई, पाठवले बघा.’ लगेच मेसेज आला, खात्यात १३,००० जमा. पाठोपाठ पुन्हा त्याचा फोन. ‘ताई, एक आकडा चुकून जास्त पडला. आई दवाखान्यात आहे, बाकीचे दहा हजार तेवढे परत टाका ना.’ त्याची आई दवाखान्यात आणि माझा फोन बंद पडायच्या बेतात. मी ५,००० पाठवले. मग आणखी ५,०००. रात्री शेजारच्यांचा चार्जर आणून ॲप उघडलं. जमा काहीच नव्हतं. माझे दोन ५,००० तेवढे गेलेले दिसत होते. ते पैसे आईने अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवले होते.

तो मेसेज बँकेचा नव्हताच. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो, कुणाच्या मोबाइलवरून नाही. ‘जमा झाले’ असं वाक्य तुम्ही, मी, कोणीही टाइप करून पाठवू शकतो. पैसे आले की नाही हे फक्त एका ठिकाणी कळतं, ते म्हणजे तुमच्या खात्यातली शिल्लक. मेसेज नाही, समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट नाही, त्याचा शब्दही नाही. ॲप उघडा, आधीची शिल्लक आणि आताची शिल्लक बघा, मग पेटी हलवा. ॲप उघडत नसेल तर पेटी थांबते. फोन बंद पडत असेल तरी पेटी थांबते. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे तुमच्याकडून जाणार आहेत. आणि समजा कोणाकडून खरंच जास्त आले, तरी ते तुम्ही स्वतः परत टाकायचे नाहीत. त्याने त्याच्या बँकेत तक्रार करावी, बँक बघून घेईल. ज्याची चूक खरी आहे तो एक दिवस थांबतो. जो एक मिनिटही थांबू देत नाही, त्याचा फोन ठेवा.

हे वाचून घाबरू नका. तीन हंगामांत माझी बाकी सगळी गिऱ्हाइकं सरळ निघाली. काहींनी तर पेटी मिळायच्या आधी पैसे पाठवले.

फसवणुकीपेक्षा मला जास्त महागात पडलं ते त्या रात्री गप्प बसणं. असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर ताबडतोब फोन करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यांत वळते व्हायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता असते. मला हा नंबर माहीत होता. तरी मी पांघरुणात तोंड घालून पडून राहिले, कारण आईला सांगायचं धैर्य होत नव्हतं. तुम्ही हे करू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवा.

सकाळी सांगितलं. आईने हातातलं लाटणं बाजूला ठेवलं, १९३० लावला, तक्रारीचा क्रमांक माझ्या ऑर्डरींच्या वहीत लिहून घेतला. मग विचारलं, ‘रात्री झोपलीस का गं?’

दहा हजार परत आले नाहीत. त्या दिवशी चार पेट्या पोचवायच्या होत्या. आई तीन जिने माझ्याबरोबर चढली.