कॅलिफोर्नियात बांधकाम कंत्राटदाराचं लायसन्स कसं काढावं

गावाकडे घर बांधायला काढलं की मिस्त्री ओळखीतून ठरतो. आधी कुणाचं घर बांधलं, त्याचा स्लॅब गळतो का, एवढी चौकशी पुरते. लायसन्स सहसा कुणी मागत नाही. कॅलिफोर्नियात नुसत्या ओळखीवर भागत नाही. लायसन्स नसताना काम घेतलं आणि मालकाने पैसे बुडवले, तर कोर्टात जाऊनही ते मिळत नाहीत. उलट मालकाने दिलेले पैसे परत मागितले तर तेही द्यावे लागू शकतात, मग काम कितीही चोख झालेलं असो.

हे लायसन्स देतं कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, म्हणजे सीएसएलबी. 1929 पासूनचं हे मंडळ, मुख्यालय सॅक्रामेंटोला. ही पद्धत देशभर सारखी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. टेक्ससमध्ये इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला राज्याचं लायसन्स लागतं, पण सर्वसाधारण बांधकाम कंत्राटदाराला राज्य पातळीवर लागत नाही. त्यामुळे ह्यूस्टनच्या भावाने सांगितलेलं लॉस एंजेलिसमध्ये लागू पडेलच असं नाही.

तुम्हाला लायसन्स लागतंच का, ते आधी पाहा. 1 जानेवारी 2025 पासून मजुरी आणि सामान धरून 1,000 डॉलरच्या आतलं काम लायसन्सशिवाय करता येतं. पूर्वी ही मर्यादा 500 होती. पण त्या कामाला बिल्डिंग परमिट लागत नसावं आणि तुम्ही हाताखाली कामगार ठेवलेला नसावा. चार हजारांचं काम चार बिलांत तोडण्याची युक्ती चालत नाही. कायद्याने ती आधीच हेरून ठेवली आहे.

मग वर्ग निवडायचा. ए वर्ग रस्ते, पूल, धरणं अशा कामांचा. बी वर्ग इमारतींचा. आणि सी म्हणजे एकेका कसबाचे वर्ग. सी-10 इलेक्ट्रिकल, सी-36 प्लंबिंग, सी-33 रंगकाम, सी-39 छप्पर, सी-54 फरशी. राहत्या घरांच्या नूतनीकरणासाठी बी-2 हा वर्ग अलीकडे आला. बऱ्याच जणांना थेट बी हवा असतो, कारण तो भारदस्त वाटतो. माझं मत वेगळं आहे: ज्या कामाचा अनुभव कागदावर दाखवता येतो तोच वर्ग आधी घ्यावा. दुसरा वर्ग नंतर जोडता येतो.

कारण खरी कसोटी परीक्षेची नाही, अनुभवाची आहे. वय 18 पूर्ण हवं आणि गेल्या 10 वर्षांतला 4 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा. तो जर्नीमन, फोरमन, सुपरवायझर किंवा कंत्राटदार या पातळीचा लागतो. जर्नीमन म्हणजे कुणी डोक्यावर उभं न राहता काम पुरं करू शकणारा तयार कारागीर. हेल्पर म्हणून विटा उचललेली किंवा शिकाऊ म्हणून काढलेली वर्षं यात मोजत नाहीत.

हा अनुभव प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने फॉर्मवर सही करून सांगावा लागतो. तो मालक, सहकारी कारागीर, फोरमन, युनियनचा प्रतिनिधी, बिल्डिंग इन्स्पेक्टर, आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर असू शकतो. सही शपथेवर असते, म्हणून ‘टाक रे सही’ म्हणून दोस्ताला अडचणीत आणू नका. नेहमीची अडचण अशी की लायसन्सचा विचार मनात येईपर्यंत जुनी कंपनी बंद झालेली असते, मालक दुसऱ्या राज्यात गेलेला असतो आणि पगार रोखीत मिळालेला असतो. म्हणून आज कुणाकडे कामाला असाल तर आजपासूनच पे-स्टब (पगाराच्या पावत्या), डब्ल्यू-2 (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म), परमिटच्या प्रती, करार आणि बिलं एका फाइलीत लावत जा. किमान 3 टक्के अर्जांची सखोल चौकशी करावी, असं कायदाच सांगतो. तुमचा अर्ज त्यात निघाला तर ही फाइलच कामाला येते.

भारतातून शिकून आलेल्यांसाठी इथे एक वाट आहे. शिक्षणाबद्दल जास्तीत जास्त 3 वर्षांची सूट मिळू शकते, आणि कामाशी थेट संबंध असलेली इंजिनिअरिंगची 4 वर्षांची पदवी त्यात बसते. पुण्या-सांगलीहून सिव्हिल करून आलेल्याने आपली गुणपत्रकं विद्यापीठाकडून रीतसर मागवून ठेवावीत. किती सूट द्यायची हे बोर्ड ठरवतं, आणि निदान 1 वर्ष तरी प्रत्यक्ष कामाचं लागतंच. नुसती पदवी घेऊन साइटवर न उतरलेल्याला हे लायसन्स नाही.

अर्जाची फी 450 डॉलर. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटिन, म्हणजे कर भरण्यासाठी मिळणारा वैयक्तिक नंबर, चालतो. अर्ज स्वीकारला गेला की लाइव्ह स्कॅन केंद्रावर बोटांचे ठसे द्यायचे, तेही स्वखर्चाने.

परीक्षा सहसा दोन, दोन्ही बहुपर्यायी. एक तुमच्या कसबाची, दुसरी कायदा आणि व्यवसायाची. गंमत म्हणजे वीस वर्षं वायरिंग केलेला माणूसही दुसऱ्या पेपरात अडकू शकतो. करार, हिशेब, कामगार कायदे, विमा, सुरक्षा हे साइटवर कुणी शिकवत नाही. बोर्डाच्या अभ्यास-मार्गदर्शिका फुकट मिळतात. आधी त्या वाचा आणि महागड्या क्लासचा विचार नंतर करा.

पास झाल्यावर एकट्याच्या नावावर लायसन्स असेल तर 200 डॉलर, कंपनी असेल तर 350 डॉलर सुरुवातीची फी भरायची आणि 25,000 डॉलरचा बाँड द्यायचा. एवढे पैसे रोख ठेवावे लागत नाहीत. बाँड कंपनीला दरसाल त्याचा लहानसा हिस्सा हप्ता म्हणून जातो, आणि तो तुमच्या क्रेडिटवर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ठरतो. पण बाँडला विमा समजू नका. हा जामीन आहे. तुमच्या चुकीपायी जामीनदाराने गिऱ्हाइकाला पैसे दिले की तो ते तुमच्याकडून वसूल करतो.

कामगार ठेवले तर वर्कर्स कॉम्पचा, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देणारा, विमा हवाच. सी-8 काँक्रीट, सी-20 वातानुकूलन, सी-39 छप्पर अशा काही वर्गांना तो एकही कामगार नसताना घ्यावा लागतो.

कंपनीच्या मालकाकडे स्वतःचा अनुभव नसेल तर पात्र माणूस नोकरीवर ठेवून त्याच्या पात्रतेवर कंपनीचं लायसन्स घेता येतं. यातूनच ‘लायसन्स भाड्याने’ देण्याचे प्रस्ताव येतात: दरमहा अमुक डॉलर, काम तुमचं, नाव माझं. या फंदात पडू नका. अशा नोकरदाराने आठवड्याला किमान 32 तास किंवा धंद्याच्या एकूण वेळेच्या 80 टक्के, यातलं जे कमी असेल तितकं, खरोखर तिथे काम करायचं असतं. शिवाय तो सोडून गेला की 90 दिवसांत दुसरा आणावा लागतो, नाहीतर चालू कामं तशीच लटकतात.

लायसन्स हातात आलं की त्याचा नंबर करारावर, जाहिरातीत, व्हिजिटिंग कार्डावर छापा. घराच्या दुरुस्तीचा करार लेखी करा आणि सुरुवातीची उचल रकमेच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त घेऊ नका. ‘निम्मे आधी द्या’ ही आपली सवय इथे थेट कायदेभंग ठरते.

लायसन्सचं नूतनीकरण दर 2 वर्षांनी असतं आणि त्याला पुन्हा परीक्षा लागत नाही. पण लायसन्स संपून 5 वर्षं उलटली, तर नव्याने अर्ज भरून पुन्हा परीक्षेला बसावं लागतं.